तरुण पिढी आणि राष्ट्रीय उद्याने : वडोदरा परिसरातील निसर्ग शिक्षण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अमलात आल्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. या कायद्याच्या आधारे देशात अनेक राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये घोषित झाली, त्यांच्या सीमा आखण्यात आल्या, रक्षक नेमण्यात आले आणि शिकारीस प्रतिबंध झाला. कायद्याने जंगलास संरक्षण देता येते. त्याविषयीची आस्था मात्र कायद्याने उत्पन्न करता येत नाही. ज्या पिढीच्या हाती उद्या या उद्यानांचे भवितव्य जाणार आहे, तिचा मोठा भाग आज शहरांत वाढत आहे. वाघ आणि सिंह या मुलांना चित्रातून चांगले परिचित आहेत. परंतु आपल्या गावच्या नदीचा उगम कोठे होतो, हे त्यांतील फारच थोड्यांना सांगता येईल. अशा पिढीला राष्ट्रीय उद्यानाशी जोडावयाचे कसे, हा वनविभाग व शिक्षण विभाग या दोहोंपुढील प्रश्न आहे.

शेजारच्या गुजरात राज्यात या प्रश्नाचा विचार बराच आधी सुरू झाला. वडोदरा शहर व त्याचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून, तेथे उपलब्ध असलेल्या साधनांतून निसर्ग शिक्षणाचा क्रम कसा लावता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. वडोदरा हे मराठी वाचकाला परके नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले. शिक्षण शाळेच्या चार भिंतींपुरते नसावे, या दृष्टीने संग्रहालय, ग्रंथालये व उद्याने उभारणारे हे शहर आहे.

विषयाची पार्श्वभूमी

मानवी पर्यावरणाविषयीची संयुक्त राष्ट्रांची परिषद १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरली. त्यानंतर १९७७ मध्ये तिबिलिसी येथे केवळ पर्यावरण शिक्षण या विषयावर आंतरशासकीय परिषद झाली. या परिषदेने पर्यावरण शिक्षणाची जी उद्दिष्टे मान्य केली, त्यांत जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग यांचा समावेश होता. भारतात १९७६ च्या घटनादुरुस्तीने वने, सरोवरे, नद्या व वन्यजीव यांचे रक्षण करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याविषयी निर्देश दिले.

याचा परिणाम म्हणून विषय पाठ्यपुस्तकांत आला. तथापि तिबिलिसी येथे मान्य झालेल्या पाच उद्दिष्टांपैकी ज्ञान हे एकच उद्दिष्ट पुस्तकाने बऱ्याच अंशी साध्य होते. वृत्ती घडण्यास आणि कौशल्य अंगी येण्यास प्रत्यक्ष अनुभव लागतो. पोहण्याचे नियम पाठ करून पोहता येत नाही, तसेच हे आहे. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९७१ पासून शालेय विद्यार्थ्यांना काही दिवस उद्यानातच ठेवून शिकविण्याचा उपक्रम एका संस्थेने सुरू केला, त्यामागेही हाच विचार होता.

गुजरातमधील शिबिरांची परंपरा

गुजरातमध्ये या कार्याचा पाया घालणाऱ्यांत लवकुमार खाचर यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागेल. जसदणच्या राजघराण्यातील हे पक्षितज्ज्ञ राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयात शिक्षक होते. विद्यार्थ्यांना डोंगरांत, गवताळ माळावर व समुद्रकिनारी मुक्कामास नेऊन तेथे शिकविण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. पुढे १९७० च्या दशकात निसर्ग मंडळांच्या चळवळीतून ही पद्धत इतरत्र पसरली. राज्य शासनाने १९८२ मध्ये गांधीनगर येथे ‘गीर फाउंडेशन’ ही पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था स्थापन केली. जसदणजवळील हिंगोळगड येथील सुमारे साडेसहा चौरस किलोमीटरचे लहानसे अभयारण्य तर निसर्ग शिक्षण अभयारण्य म्हणूनच ओळखले जाते. १९८४ मध्ये अहमदाबाद येथे पर्यावरण शिक्षण केंद्राची स्थापना झाली व शिक्षकांसाठी साहित्य तयार होऊ लागले.

गुजरातमध्ये चार राष्ट्रीय उद्याने आहेत, आणि शिक्षणाच्या दृष्टीने त्यांतील प्रत्येकाचे स्वरूप भिन्न आहे. गीर (१९७५) हे आशियाई सिंहाचे जगातील अखेरचे नैसर्गिक आश्रयस्थान होय. वेळावदर (१९७६) हे काळविटांचे गवताळ रान. हिवाळ्यात दूर देशांहून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी तेथे रात्री जमिनीवर, गवतात विसावतात. वांसदा (१९७९) हे सह्याद्रीच्या उत्तर टोकाकडील साग व बांबूचे दाट वन. जामनगरजवळील सागरी राष्ट्रीय उद्यान (१९८२) हे या प्रकारचे देशातील पहिलेच. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवरून चालत तेथे प्रवाळ पाहता येते. सिंह, गवत, वन आणि समुद्र असे चार निरनिराळे पाठ एकाच राज्यात उपलब्ध आहेत.

वनविभागाची शिबिरे सामान्यतः दोन रात्री व तीन दिवसांची असतात. परंतु वर्षातून एकदा तीन दिवस जंगलात घालविल्याने सर्व काही साधते, असे मानणे योग्य होणार नाही. वडोदऱ्याच्या परिसराकडे पाहिले असता असे दिसते की, राष्ट्रीय उद्यान ही शिक्षणाची पहिली पायरी नसून अखेरची पायरी असावयास हवी. तिच्या आधीच्या पायऱ्या शहरातच आहेत.

पहिली पायरी : विश्वामित्री

वडोदरा शहराच्या मध्यातून विश्वामित्री नदी वाहते. तिच्या काठी १८७९ मध्ये सयाजीबाग उभारण्यात आली. या नदीत मगरी आहेत. २०२५ मध्ये झालेल्या गणनेत त्यांची संख्या चारशेहून अधिक आढळली. दाट वस्तीच्या शहरातून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरींचे वास्तव्य ही जगातील विरळा घटना आहे. कायद्याने संरक्षित असलेला, राष्ट्रीय उद्यानात पाहावयास जावे असा हा प्राणी वडोदऱ्याच्या विद्यार्थ्याला शाळेच्या वाटेवरील पुलावरून दिसू शकतो.

हिवाळ्यातील सकाळी ऊन वर आल्यावर मगरी काठावर येऊन पडतात. पुलावरूनच, खाली न उतरता, त्यांची संख्या, वेळ व हवेचे तापमान यांची नोंद आठवड्यातून एकदा, चार महिने ठेवावयास सांगितली, तर शीतरक्ताच्या प्राण्याला उन्हाची गरज का असते, हे वेगळे शिकवावे लागत नाही. उन्हाळ्याच्या आरंभी मादी काठच्या मातीत अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिले बाहेर येतात. साहजिकच नदीकाठ दगडी भिंतीने बांधून काढला तर काय होईल, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात.

या प्रश्नास गंभीर बाजू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला, शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले आणि पाण्याबरोबर मगरी वस्तीत आल्या. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांतच २४ मगरी पकडून सुरक्षित स्थळी हलविण्यात आल्या. अशा वेळी भयभीत जमावाच्या हातात काठ्या येण्यास वेळ लागत नाही. ज्या घरातील मुलाने चार महिने मगरींची नोंद ठेवली आहे, त्या घरात अंतर राखावे, मुले व जनावरे आत घ्यावीत आणि वनविभागास कळवावे, एवढे तरी सांगणारे कोणी असते. नदीची उतारू मैदाने भरून टाकल्याने पुराचे पाणी कोठे जाते, याचाही विचार तो विद्यार्थी करू लागतो. शहराच्या नदीविषयी असे शिकलेला नागरिकच दूरच्या अभयारण्याविषयी जबाबदारीने बोलू शकेल.

दुसरी पायरी : पाणी येते कोठून

विश्वामित्रीचा उगम पावागडच्या डोंगरात आहे. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेला हा डोंगर चांपानेरच्या अवशेषांसह २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. वाटेत आजवा येथील जलाशय लागतो. सयाजीरावांच्या कारकीर्दीत शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या या जलाशयातून आजही शहराच्या काही भागास पाणी मिळते. नळाच्या तोटीपासून निघून जलाशयापर्यंत आणि तेथून डोंगरातील झऱ्यापर्यंत जाणे, ही एका दिवसाची सहल होय. तथापि डोंगरावर झाडी असली तर नदीला पाणी राहते, हा भूगोलाचा धडा तीत पुरा होतो.

दुसरी सहल डभोई तालुक्यातील वढवाणा तलावाची. १९०९-१० मध्ये बडोदे संस्थानाने शेतीच्या सिंचनासाठी हा तलाव बांधला. कोणी पक्ष्यांसाठी तो बांधला नव्हता. परंतु हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणाऱ्या पक्ष्यांचे ते मोठे विश्रांतिस्थान बनले. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब, तलवार बदक, थापट्या आणि काळ्या अंगावर पांढरा टिळा लावलेला वारकरी येथे थव्यांनी दिसतात. २०२१ मध्ये या तलावास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. मनुष्याने शेतीसाठी केलेली सोय वन्यजीवांच्याही उपयोगी पडू शकते, आणि तलावाखालील शेतकरी व तलावावरील पक्षी यांची गरज एकाच पाण्याची आहे, हे येथे विद्यार्थ्यांना दाखविता येते.

तिसरी पायरी : जांबुघोडा

पावागडच्या पलीकडे पूर्वेस जांबुघोडा अभयारण्य आहे. पूर्वी येथे लहानसे संस्थान होते. १९९० मध्ये सुमारे १३० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. साग, मोह, टेंभुर्णी व बांबू यांच्या या रानात बिबट्या व अस्वल यांचे वास्तव्य आहे. वडोदऱ्याच्या विद्यार्थ्यांना रात्रीच्या मुक्कामाचा पहिला अनुभव देण्यास हे ठिकाण सोयीचे आहे.

येथे प्राणी दिसलाच पाहिजे असा आग्रह धरू नये. बिबट्या दिसणे हा योगायोग आहे. त्याची पाऊलखूण, विष्ठा, झाडाच्या सालीवरील ओरखडे आणि वानरांनी दिलेली इशारत यांवरून तो येऊन गेल्याचे ओळखणे हे शिक्षण आहे. वारुळ फोडून अस्वलाने वाळवी खाल्ल्याचे चिन्ह एकदा पाहिले की, जमिनीतील वाळवीपासून मोठ्या प्राण्यापर्यंतची साखळी मुलांच्या ध्यानात येते.

या परिसरात राठवा, नायक इत्यादी आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. शहरातील मुलांचे शिबिर भरविताना त्यांच्या वयाची वनवस्तीतील मुले शिबिराबाहेर उभी राहून पाहत असतील, तर शिबिराचा हेतूच फसला असे म्हणावे लागेल. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. पहाटे फुले वेचावयास माणसे जातात आणि त्याच वेळी तीच फुले खाण्यास अस्वलही येते. अस्वलाने माणसावर हल्ला करण्याचे प्रसंग यातूनच घडतात. कोणत्या वेळी जावे, आवाज करीत का जावे, एकट्याने का जाऊ नये, हे वस्तीतील मुलाला घरातूनच ठाऊक असते. शहरातील मुलाने ते त्याच्याकडून ऐकावे. उलटपक्षी, पक्ष्यांची पद्धतशीर नोंद, दुर्बिणीचा उपयोग, नकाशावाचन हे वस्तीतील मुलालाही मिळावे. वन अधिकार अधिनियम, २००६ अन्वये वननिवासींचे हक्क मान्य झाले आहेत. त्या हक्कांबरोबर येणाऱ्या संरक्षणाच्या जबाबदारीचे शिक्षण याच मुलांना प्रथम मिळावयास हवे. उद्याचे वनरक्षक, मार्गदर्शक आणि ग्रामसभेचे सदस्य त्यांच्यातूनच येणार आहेत. शिबिरातील निम्म्या जागा परिसरातील शाळांसाठी राखून ठेवणे हा यावरील साधा उपाय आहे.

चौथी पायरी : राष्ट्रीय उद्यान

एवढी तयारी झाल्यावर विद्यार्थी राष्ट्रीय उद्यानात जाण्यास योग्य होतो. वांसदा उद्यानाचे उदाहरण घेऊ. सुमारे चोवीस चौरस किलोमीटरचे हे वन पूर्वी वांसदा संस्थानाच्या मालकीचे होते. उद्यानालगत अंबिका नदीकाठी किलाद येथे वनविभागाचे शिबिरस्थळ आहे. जवळच्या वघई गावापर्यंत बिलिमोऱ्याहून जाणारी अरुंद रुळांची रेल्वे १९१३ मध्ये गायकवाडांच्या काळात सुरू झाली. ज्या मार्गाने डांगचे लाकूड बाहेर जात असे, त्याच मार्गाने आज विद्यार्थी वन पाहावयास जाऊ शकतात. शंभर वर्षांत वनाकडे पाहण्याच्या दृष्टीत झालेला हा पालट शिक्षकांनी मुलांना अवश्य समजावून द्यावा.

राष्ट्रीय उद्यानात प्रवेश हा हक्क नसून परवानगीचा विषय आहे. अधिनियमाच्या कलम २८ अन्वये वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन व पर्यटन अशा कारणांसाठी परवानगी देता येते आणि कलम ३५ अन्वये हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानास लागू होते. तेथून वन्यजीव किंवा वनोपज बाहेर नेण्यास मनाई आहे. म्हणून गळून पडलेले पीस अथवा बी खिशात घालू नये, हा नियम मुलांना केवळ शिस्त म्हणून न सांगता कारणासह सांगावा. पडलेले पान कुजून माती होते, बी रुजते किंवा कोणाचे तरी अन्न होते. जे आपणांस टाकाऊ दिसते, ते तेथे कोणाच्या तरी उपयोगाचे असते.

शिबिराचा दिनक्रम साधा असावा. पहाटे दहा-बारा जणांच्या गटाने, एका मार्गदर्शकासह, न बोलता दीड-दोन तास चालावे. दुपारी सावलीत नोंदी पूर्ण कराव्यात व चर्चा करावी. सायंकाळी पाणवठ्यापासून पुरेशा अंतरावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे निरीक्षण करावे. रात्री आकाशदर्शन व रानातील आवाज ओळखणे हा कार्यक्रम ठेवावा. दिवसातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याने, इतरांच्या दृष्टिपथात पण एकटे, वीस मिनिटे एका जागी स्वस्थ बसावे. ध्वनिवर्धक, चित्रपटगीते व चमचमीत खाद्यपदार्थांची पाकिटे यांना शिबिरात स्थान असू नये. शिबिर आणि सहल यांतील भेद येथेच स्पष्ट होतो.

सुरक्षितता

वडोदऱ्यात या विषयावर लिहिताना एका दुःखद घटनेचा उल्लेख टाळता येणार नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी शहरातील हरणी येथील तलावात शालेय सहलीची नौका उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसविण्यात आली होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, असे पुढे आले. अशा घटनेनंतर मुलांना शाळेबाहेर पाठविण्यास पालकांचे मन धजत नाही, यात नवल नाही.

यावर शाळेबाहेरचे शिक्षणच बंद करणे हा उपाय नव्हे. कारण ज्याला पाण्याची व रानाची ओळख नाही, तो पुढे केव्हातरी तेथे अजाणता जाणारच. उपाय हा की, गटाची मर्यादा, शिक्षकांचे प्रमाण, वाहन व नौका यांची क्षमता, प्रथमोपचाराची पेटी, जवळचे रुग्णालय व संपर्काची साधने यांची लेखी यादी निघण्यापूर्वी तपासली जावी आणि तीतील एकही बाब अपुरी असल्यास सहल रद्द करण्याचा अधिकार शिक्षकास असावा. नियम पाळून चाललेले शिबिर हाही मुलांसाठी एक पाठच असतो. पुढे उद्यानातील नियम त्यांना जाचक वाटत नाहीत.

शिबिरानंतर

परत आल्यावर काय, हा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. शिबिराचा अहवाल भिंतीवर लावला की काम संपले, असे समजले जाते. वास्तविक खरे काम त्यानंतर सुरू व्हावयास हवे. शिबिराहून आलेल्या गटाने पुन्हा विश्वामित्रीच्या पुलावर जाऊन नोंदी पुढे चालवाव्यात, खालच्या वर्गातील मुलांना त्या शिकवाव्यात आणि दरवर्षीच्या नोंदी शाळेत जतन कराव्यात. पाच-दहा वर्षांच्या अशा सलग नोंदी वनविभागासही उपयोगी पडतील. मुलाला जेव्हा कळते की, आपण केलेली नोंद कोणाच्या तरी कामी आली, तेव्हा सहभाग हे तिबिलिसीच्या यादीतील अखेरचे उद्दिष्ट साध्य झाले असे समजावे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात ताडोबा हे १९५५ मध्ये घोषित झालेले राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबईच्या कुशीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पेंच, नवेगाव, गुगामल व चांदोली ही उद्याने आहेत. नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्याच्या शाळांना तर वांसदा हे शेजारचेच वन आहे. प्रत्येक शाळेला राष्ट्रीय उद्यान गाठता येणार नाही, हे खरे. परंतु प्रत्येक गावाला ओढा आहे, पाझर तलाव आहे, देवराई किंवा गायरान आहे. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी शासनाच्या वेगळ्या तरतुदीची गरज नाही; नोंदवही, एक उत्साही शिक्षक आणि वनरक्षकाचे वर्षातून दोन-तीन दिवसांचे साहाय्य एवढे पुरेसे आहे.

वडोदरा या नावाचा संबंध वडाच्या झाडांशी जोडला जातो. वडाची पारंबी खाली येऊन जमिनीत रुजते, तेव्हा तीच पुढे खोडाला आधार देते. राष्ट्रीय उद्यानांना कायद्याचे खोड लाभले आहे. गावोगावच्या शाळांतून अशा पारंब्या खाली आल्या आणि आपापल्या मातीत रुजल्या, तरच तो वृक्ष दीर्घकाळ उभा राहील. या दृष्टीने शिक्षक, वन कर्मचारी व पालक यांनी येत्या हिवाळ्यापासूनच आपल्या गावच्या पाणवठ्यावर पहिल्या नोंदीस आरंभ करावा.